वाक्यात उपयोग करा

मराठी शाळेत ज्याने चार इयत्ता काढल्या, त्याच्या कानांत तीन शब्दांची एक आज्ञा जन्मभर बसलेली असते: ‘वाक्यात उपयोग करा.’ प्रश्नपत्रिकेत ती चारपाच गुणांची धनीण असते. मुलांना ती सोपी वाटते, मास्तरांना तपासावयास सोयीची वाटते, आणि परीक्षा संपली की तिची कोणाला आठवणही राहत नाही. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या आज्ञेच्या पोटात एक जुना आणि मोठा वाद दडलेला आहे. शब्दाचा अर्थ शब्दातच असतो, की तो वाक्यात गेल्यावर त्याला प्राप्त होतो? मुलाला आधी शब्द द्यावा की वाक्य? आपल्या देशातील शास्त्रकारांनी या प्रश्नावर शतकानुशतके शब्द झिजविले आहेत. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या दृष्टीने तर हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. तो घरातील भाषा टिकण्याचा किंवा न टिकण्याचा प्रश्न होतो. म्हणून या आज्ञेचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ एका शब्दापासूनच करू. तो शब्द ‘शिक्षा’. जबलपुरातील मराठी मूल हा शब्द दिवसातून दोनदा ऐकते आणि दोन्ही वेळा निराळा ऐकते. शाळेच्या भिंतीवर हिंदीत शिक्षेचे गुणगान लिहिलेले असते. घरी आजी सांगते की खोटे बोललास तर शिक्षा होईल. ‘न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली’ हे मराठी वाक्य अस्सल हिंदी कानाला न्यायालयाच्या औदार्याचे वाटेल; आणि केंद्र सरकारच्या ज्या मंत्रालयाला २०२० साली हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ हे नाव पुन्हा मिळाले, ते नाव मराठी माणसाने आपल्या अर्थाने वाचले तर त्याच्या अंगावर काटा उभा राहील. मराठीत त्याच मंत्रालयाला ‘शिक्षण मंत्रालय’ म्हणावे लागते, ते याच कारणाने.

मौज अशी की हा भेद एकट्या मराठीचा नाही. कानडी, तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही ‘शिक्षा’ म्हणजे दंड. गुजरातीतही तो अर्थ रूढ आहे. उलट हिंदी, बंगाली, उडिया या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. मूळ धातू एकच, ‘शिक्ष्’. वेदांच्या सहा अंगांपैकी उच्चारशास्त्राचे नाव ‘शिक्षा’, तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचे नाव ‘शीक्षावल्ली’. आपले ‘शिकणे’, ‘शिक्षक’, ‘शिक्षण’ हे सर्व त्याच कुळातले. एका अंगाला विद्या आणि दुसऱ्या अंगाला छडी असे हे कूळ दोन्हीकडे वाढले, आणि जुन्या पंतोजींच्या शाळा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना त्यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे शब्द तोच राहिला. तो ज्या वाक्यांत बसत होता ती वाक्ये मात्र बदलली. वाक्ये बदलली म्हणून अर्थ बदलला. शब्दकोशात ‘शिक्षा’ या शब्दापुढे दोन्ही अर्थ लिहून ठेवता येतील; पण ते मूल कोणत्या क्षणी कोणता अर्थ घेईल, हे कोश सांगू शकत नाही. ते वाक्यच सांगते.

हे आपल्या पूर्वजांना फार चांगले ठाऊक होते. मूल भाषा कसे शिकते याचे जे वर्णन मीमांसकांनी केले आहे, ते आजही ताजे वाटते. घरातला वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण.’ तो मनुष्य उठतो आणि एक प्राणी घेऊन येतो. कोपऱ्यात बसलेले मूल हे पाहते. त्याला एवढेच कळते की या सगळ्या ध्वनींचा या सगळ्या क्रियेशी काही संबंध आहे. ‘गाय’ कोणती आणि ‘आण’ कोणते हे त्याला अजून कळलेले नाही. थोड्या वेळाने तो वडीलधारा म्हणतो, ‘गाय बांध’. मग म्हणतो, ‘घोडा आण.’ एक शब्द निघाला आणि दुसरा आला. प्राणी तोच राहिला आणि क्रिया बदलली, किंवा क्रिया तीच राहिली आणि प्राणी बदलला. या घालण्या-काढण्याला मीमांसक ‘आवाप’ आणि ‘उद्वाप’ म्हणतात. अशा रीतीने वाक्यांच्या गर्दीतून एकेक शब्द सुटा होऊन मुलाच्या हाती येतो. येथूनच प्रभाकर आणि कुमारिल यांच्या अनुयायांचा प्रसिद्ध वाद निघाला. प्राभाकर म्हणतात की शब्द मुळातच दुसऱ्या शब्दांशी जोडलेला असा अर्थ सांगतो. भाट्ट म्हणतात की शब्द आपापले अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ एकमेकांशी जुळतात. पण मुलाला पहिला धडा वाक्याचा मिळतो, याविषयी त्यांच्यात फारसे भांडण नाही. भर्तृहरीने तर ‘वाक्यपदीया’त आणखी पुढे जाऊन वाक्य हेच अखंड मानले आणि शब्द ही आपण सोयीसाठी केलेली फोड ठरविली.

नैयायिकांनी हाच विषय अधिक व्यवहारी रीतीने मांडला. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त शब्दाचा अर्थ कळण्याची आठ साधने सांगितली आहेत: व्याकरण, उपमान, कोश, विश्वासू माणसाचे सांगणे, लोकव्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. यांत कोश हे एक साधन आहे, एकमेव नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेवटच्या साधनाचे उदाहरण तर कोणत्याही बालशिक्षकाने आपल्या टेबलावर लावून ठेवावे असे आहे. ‘या आंब्याच्या झाडावर पिक गोड गातो आहे’ असे कोणी म्हटले, आणि ऐकणाऱ्याला ‘पिक’ हा शब्द ठाऊक नसला, तरी आंबा आणि गोड गाणे या दोन ओळखीच्या शेजाऱ्यांमुळे पिक म्हणजे कोकिळ हे त्याला आपोआप कळते. कोणी अर्थ सांगितला नाही, चित्र दाखविले नाही. वाक्याने बोट धरून अर्थापाशी नेले.

वाक्याच्या उरलेल्या भागाचे उदाहरण आपल्या ‘शिक्षे’च्या प्रश्नाशी थेट जुळते. यज्ञात ‘यव’ वापरावा असे वचन आहे. पण आर्य लोक ‘यव’ म्हणजे सातू समजतात आणि म्लेच्छ ‘यव’ म्हणजे कांग, आपला राळा, समजतात. मग कोणते धान्य घ्यावे? उत्तर असे की वचनाच्या पुढील भागाकडे पाहावे. तेथे म्हटले आहे की इतर वनस्पतींची पाने झडून जातात त्या दिवसांत हे धान्य कणसांनी डोलत असते. हे वर्णन सातूलाच लागू पडते. म्हणून यव म्हणजे सातू. एकच शब्द, दोन जनसमूह, दोन अर्थ, आणि निवाडा करावयास वाक्य! हा दृष्टांत देणाऱ्या आचार्यांना जबलपुरातल्या मराठी मुलाची अडचण क्षणात कळली असती.

तत्त्व एवढे स्पष्ट होते. पण शाळेच्या व्यवहारात त्याचा उपयोग कितपत झाला? पाठशाळेत मुलाला आरंभी अमरकोश पाठ करावयास लागे. समानार्थी शब्दांच्या छंदोबद्ध माळा मुखोद्गत झाल्या म्हणजे पुढे काव्य वाचताना तो तो शब्द आपल्या जागी भेटे आणि मग त्याला प्राण येई. ही पद्धत अगदीच वेडगळ नव्हती. मात्र जो विद्यार्थी काव्यापर्यंत पोचलाच नाही, त्याच्याजवळ शब्दांची नाणी राहिली आणि बाजार राहिला नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच वळणाचा. दरबारातील फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्या शब्दांचे पुढे काय झाले हे पाहणे बोधप्रद आहे. मुजुमदारासाठी अमात्य, सुरनिसासाठी सचिव, पेशव्यासाठी प्रधान अशी पदे अष्टप्रधानांच्या व्यवस्थेत आली. तरी लोकांच्या तोंडच्या वाक्यांत ‘पेशवा’ हाच शब्द जिवंत राहिला आणि अठराव्या शतकाचा सगळा इतिहास त्याच नावाने ओळखला गेला. ‘पंतप्रधान’ या शब्दाला घरोघरच्या बोलण्यात जागा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. राजाज्ञेने शब्द घडतो. तो रुजतो मात्र लोकांच्या वाक्यांत.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी, मोडी अक्षरे, उजळणी आणि पाढे यांवर भर असे. पण एका ठिकाणी तेथेही वाक्यांचे शिक्षण होते, आणि ते पत्रलेखनाच्या मायन्यांत. वडिलांस कसे लिहावे, बरोबरीच्यास कसे लिहावे, सरकारात कसे लिहावे, यांची संपूर्ण वाक्येच मुलगा घटवीत असे. ‘विशेष’, ‘विनंती’, ‘कळावे’ या शब्दांचे अर्थ त्याला कोणी सांगितले नसतील. तरी ते कोठे आणि कोणापुढे वापरावयाचे हे त्याला अचूक कळत असे. कारकुनी पेशाची पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाषा अशा तयार वाक्यांतून घडली.

छापील मराठीच्या इतिहासात तर उदाहरणवाक्यांचा मान फार लवकर आला, आणि तो महाराष्ट्राबाहेर आला, हे आपणा बृहन्महाराष्ट्रीयांनी विसरू नये. विल्यम कॅरी याने १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले, त्याला नेहमीच्या विषयांवरील संभाषणे जोडलेली होती. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नवख्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवावयाची होती. नुसत्या विभक्ती पाठ करून कोणी रयतेशी बोलू शकणार नाही, हे कॅरीने ओळखले. त्याला साहाय्य करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. पुढे १८१० साली कॅरीचा मराठी कोश मोडी अक्षरांत निघाला. म्हणजे संभाषणे आधी आणि कोश नंतर, हा क्रम मराठीच्या छपाईत पहिल्याच दशकात घडला.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळी शाळांसाठी पुस्तके करण्याचे काम हाती घेतले गेले, आणि १८२२ साली त्यासाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. पण तो कोश आजही हाताळावासा वाटतो तो या संख्येमुळे नव्हे. एखाद्या शब्दापुढे तो म्हण देतो, बोलण्यातला प्रयोग देतो, तो शब्द कोणाच्या तोंडी शोभतो हे सांगतो. परक्या माणसाला आपल्या भाषेचा शब्द वाक्यात पाहावासा वाटला. आपल्याला मात्र तो ओळखीचा असल्यामुळे तशी गरज वाटली नाही. पुढे मेजर कँडीच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके आली आणि गावोगाव एकाच साच्याची मराठी मुलांच्या हाती पडू लागली. त्या गद्यावर कृत्रिमतेचा आरोप झाला, तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु अक्षरांवरून शब्दांवर, शब्दांवरून छोट्या वाक्यांवर आणि वाक्यांवरून गोष्टीवर जाण्याची पायरी त्या पुस्तकांनी घालून दिली.

युरोपातही ही वाट काही फार जुनी नव्हती. कोमेनियस या मोराव्हियन गुरूने १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि तिच्याविषयी साधी वाक्ये दिली होती. डॉ. जॉन्सनने १७५५ साली इंग्रजी कोशात ग्रंथकारांची वाक्ये उद्धृत करून अर्थ ठरविले. आणि ज्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली निघाला, त्यासाठी शेकडो सामान्य वाचकांनी पुस्तके वाचून वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठविली. आपल्याकडे दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, त्यातही जुन्या-नव्या ग्रंथांतील अवतरणे शब्दाशेजारी साक्षीला उभी आहेत. त्याआधी १९१० साली ‘आनंद’ मासिकाचे संपादक वासुदेव गोविंद आपटे यांनी मराठीतील संप्रदाय आणि म्हणी यांचे पुस्तक केले. मुलांचे मासिक चालविणाऱ्या गृहस्थाने हे काम करावे यात मोठे औचित्य आहे. ‘डोळे’ आणि ‘निवणे’ यांचे सुटे अर्थ जोडून ‘डोळे निवले’ कळत नाही. दुपारभर उन्हात हिंडून आलेल्या लेकराला सुखरूप पाहून आईचे डोळे निवले, असे कोणी सांगितले म्हणजेच ते कळते.

आता जबलपूरकडे वळू. कारण या इतिहासातील एक मानाचे पान येथे लिहिले गेले आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते आणि नंतर नागपुरास आले. मराठीचे हे सर्वांत सखोल व्याकरण ज्याने लिहिले, त्याच्या उमेदीची वर्षे माळव्यात, हिंदीच्या शेजारात गेली. शब्दाची जात त्याच्या रूपावर ठरवावी की वाक्यातील कार्यावर, या प्रश्नाचा त्यांनी बारकाईने विचार केला. एक साधे उदाहरण आपणच घेऊ. ‘वर पाहा’, ‘झाडावर पाहा’ आणि ‘मुलीसाठी वर पाहा’ या तीन वाक्यांतील ‘वर’ कोशात कितीही शेजारी बसविला तरी एक होत नाही. त्याची ओळख वाक्यच पटविते.

दामल्यांच्या ग्रंथाचा लाभ उठविणारे गृहस्थ जबलपूरचे होते. पं. कामताप्रसाद गुरू यांचा जन्म १८७५ साली सागरचा, व्यवसाय शिक्षकाचा, आणि १९४७ साली त्यांनी देह ठेवला तो जबलपुरात. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने त्यांच्याकडून ‘हिंदी व्याकरण’ लिहवून घेतले आणि ते १९२० साली पुस्तकरूपाने निघाले. दामल्यांच्या मराठी व्याकरणाचे साहाय्य आपण घेतले, हे गुरूंनी मोकळेपणाने मान्य केले आहे. या व्याकरणाचे एक वैशिष्ट्य असे की नियमापाठोपाठ उदाहरणवाक्य येते, आणि ते पुष्कळदा लेखकांच्या ग्रंथांतले असते. कंसात त्या ग्रंथाची खूण असते. शाळामास्तराने लिहिलेले हे व्याकरण असल्यामुळे, नियम मुलाच्या ध्यानी राहील तो वाक्याच्या आधाराने, हे त्याला शिकवावे लागले नाही. मराठीतून निघालेला विचारांचा पाट अशा रीतीने नर्मदेच्या काठी हिंदीच्या शेताला मिळाला. येथूनच १९२० साली ‘कर्मवीर’ निघाले. त्याच्या उभारणीत ज्यांचा हात होता ते माधवराव सप्रे जन्माने मराठी आणि लेखनाने हिंदीचे. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. समर्थांचा आणि टिळकांचा प्रत्येक शब्द त्यांना हिंदी वाक्यात बसवून पाहावा लागला असेल, तेव्हा ‘शिक्षा’, ‘संसार’, ‘अभ्यास’, ‘प्रकृती’ अशा दुतोंडी शब्दांशी त्यांची गाठ पडल्यावाचून राहिली नसेल. दोन भाषांतील वाक्ये ज्याच्या ओठांवर आहेत, त्याला हे शब्द फसवीत नाहीत. ज्याच्याजवळ शब्दच आहेत आणि वाक्ये एकाच भाषेची आहेत, त्याला मात्र ते हटकून फसवितात.

आणि हीच आपल्या मुलांची स्थिती आहे. जबलपुरात मराठी माणूस काही काल आलेला नाही. १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७ च्या अखेरीस येथे इंग्रजांचा अंमल बसला. नंतर मध्य प्रांताच्या कचेऱ्या, रेल्वे, डाक-तार, १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना अशा निमित्तांनी कुटुंबे येत राहिली. जोपर्यंत नागपूर ही राजधानी होती, तोपर्यंत बदल्यांच्या रूपाने मराठीचा वारा येथे वाहत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ निराळ्या राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तो वारा मंदावला. आज तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यांना मराठी येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाकरी, आजी, देवघर, मोदक, ओवाळणी हे शब्द त्यांना येतात. पण ‘आजीने अठरा माणसांचा संसार केला’ या वाक्यापाशी ते थबकतात, कारण त्यांच्या शाळेतील ‘संसार’ म्हणजे सारे जग. ‘गोधडीची ऊब’ म्हटले की त्यांना कंटाळ्याची आठवण होते, कारण हिंदीतील ‘ऊब’ म्हणजे कंटाळा. ‘माझी चेष्टा करू नकोस’ हे वाक्य त्यांना अर्धवट कळते, कारण हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. शब्द हरवलेले नाहीत. त्यांच्या भोवतालची वाक्ये हरवली आहेत, आणि रिकाम्या घरात शेजारची वाक्ये राहावयास आली आहेत.

यावर पुष्कळ पालक करतात तो उपाय असा: शब्दांची यादी करावयाची, समोर हिंदी किंवा इंग्रजी अर्थ लिहावयाचा आणि मुलाकडून पाठ करून घ्यावयाचा. सरकारी कचेरीत जन्म काढणाऱ्या माझ्यासारख्यास या उपायाची योग्यता चांगली ठाऊक आहे. पारिभाषिक शब्दांच्या जाड जाड याद्या आमच्या कपाटांत असतात आणि बहुधा तेथेच राहतात. ज्या छोट्या पुस्तिकेत शेऱ्यांची संपूर्ण वाक्ये दिलेली असतात, ‘कृपया चर्चा करावी’, ‘मसुदा मान्यतेसाठी सादर’ अशा धर्तीची, ती मात्र टेबलावर राहून राहून फाटते. माणूस भाषा उचलतो ती वाक्यांच्या मापाने. मोठ्या माणसाचे जे खरे, ते मुलाचे अधिकच खरे.

मग ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाने काय बिघडविले? प्रश्न उत्तम आहे. त्याची उत्तरे निर्जीव झाली. ‘काटकसर’ या शब्दाचा उपयोग करावयास सांगितले की मूल लिहिते, ‘काटकसर चांगली असते.’ या वाक्यातून ‘काटकसर’ काढून ‘शिस्त’ घाला, ‘मैत्री’ घाला, ‘झोप’ घाला; वाक्य तसेच उभे राहते. मीमांसकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे उद्वाप झाला तरी काही हलत नाही. ज्या वाक्यातून शब्द काढला असता वाक्याला कळ येत नाही, त्या वाक्याने तो शब्द शिकविलेला नसतो. याउलट हे वाक्य पाहा: ‘महिनाअखेर चार दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन आईने काटकसर केली आणि दादाच्या परीक्षेची फी भरली.’ आता ‘काटकसर’ची जागा झाकून ठेवली, तरी कोणतेही मराठी घर ती भरून काढील, आणि ज्या मुलाला तो शब्द ठाऊक नाही त्याला पिकाप्रमाणे तो शेजारच्या शब्दांवरून उमगेल. ‘बाळू ओशाळला’ यात काही नाही. ‘बरणी मांजराने पाडली असे बाळू सांगत होता, तोच मांजर त्याच्याच मांडीवर झोपलेले सर्वांना दिसले आणि बाळू ओशाळला’ यात ओशाळणे डोळ्यांपुढे उभे राहते. असे वाक्य मुलाला एकदा सांगितले की पुन्हा अर्थ सांगावा लागत नाही.

हे काम शाळेवाचून होत नाही असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले, तेव्हा त्यांच्यापुढील मुले पुस्तकी मराठीची नव्हती. त्यांनी शिक्षणाची साधने मुलांच्या भोवतालातून घेतली. पाने, खडे, शिंपले, बिया यांनी मोजणी आणि ओळख करविली. शाळेस मुले येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. शब्द तेथे वस्तूच्या आणि कृतीच्या हातात हात घालून आला. ‘गाय आण, गाय बांध’ या जुन्या दृष्टांताचे ते जिवंत रूपच होते.

आपल्या घरी एवढेही कष्ट नकोत. मुलाला रोज एक नवा मराठी शब्द शिकविण्याचा संकल्प करण्याऐवजी, त्याच्यादेखत मराठीत काही घडू द्यावे. ‘दूध उतू गेले’ हे दूध उतू जात असताना म्हणावे. पाहुणे येण्याआधी ‘जिन्यावर कोणाची तरी चाहूल लागली’ असे म्हणून त्याला कान द्यावयास लावावे. गावी निघालेल्या आत्याला निरोप दिल्यावर ‘मला हुरहुर लागली आहे’ असे त्याच्यापाशी बोलून दाखवावे. पुढे त्याला स्वतःला तसे वाटेल तेव्हा शब्द तयार असेल. आणि ‘शिक्षा’ हा शब्द आला म्हणजे त्याचे हिंदी वाक्यही सांगावे, मराठी वाक्यही सांगावे, आणि दोन्ही खरी आहेत हेही सांगावे. शेजारच्या भाषेचा अर्थ चुकीचा म्हणून मुलाला दटावणे हे त्या शब्दाचा मराठी अर्थच त्याच्यावर गाजविण्यासारखे आहे.

कोश घरात असावेत. ते आपल्या भाषेचे कोठार आहेत. परंतु कोठारातले दाणे पेरल्याखेरीज पीक येत नाही. कॅरीने श्रीरामपुरात, दामल्यांनी उज्जैन-नागपुरात आणि गुरूंनी याच जबलपुरात आपापल्या परीने दाखवून दिले की भाषा जतन करावयास तिच्या मुलखातच बसले पाहिजे असे नाही. तिची वाक्ये बोलणारी आणि ऐकणारी दोन माणसे असली म्हणजे पुरे. अशी दोन माणसे अजून आपल्या प्रत्येक घरात आहेत, एक आजी आणि एक नातवंड. त्यांना एका खोलीत बसू द्यावे आणि मध्ये भाषांतर करू नये.